गाण्याची पारख वेगळी, फोनची वेगळी: पहिल्यांदाच वायरलेस हेडफोन घेणाऱ्यांसाठी

"कोणते हेडफोन घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, "गाणी जास्त ऐकणार की फोनवर जास्त बोलणार?" उत्तर बहुतेक वेळा "दोन्ही" असंच येतं. हरकत नाही, पण मग परीक्षाही दोन घ्याव्या लागतात. गाणं कसं वाजतंय हे तुमच्या कानांना लगेच कळतं. तुमचा आवाज पलीकडे कसा पोचतोय हे मात्र तुम्हाला कधीच ऐकू येत नाही, ते फक्त समोरच्यालाच कळतं. दुकानात पाच मिनिटं गाणं ऐकून खूश होऊन घेतलेल्या हेडफोनवर पुढे घरचे आणि ऑफिसातले "अरे, तुझा आवाज तुटतोय" म्हणत राहतात, त्याचं कारण हेच. गाण्याची परीक्षा झालेली असते, फोनची झालेलीच नसते.

ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. लोकलचा खडखडाट, घोडबंदर रोडची वाहनं, खाडीवरचा वारा, मे महिन्यातला घाम आणि चार महिन्यांचा पाऊस, या सगळ्यात जे हेडफोन टिकतील तेच आपल्या कामाचे.

पायरी १: आधी स्वतःचा दिवस बघा

हेडफोन कुठे वापरणार, याचा एका कागदावर हिशेब मांडा. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने ऐरोली, घणसोली किंवा तुर्भ्याला जाणाऱ्याची गरज वेगळी, आणि खारघरला घरी बसून दिवसभर मीटिंग करणाऱ्याची वेगळी.

गर्दीच्या लोकलमध्ये कान पूर्ण झाकणारे मोठे हेडफोन अडचणीचे होतात. उभ्याने प्रवास करताना शेजाऱ्याच्या बॅगेचा पट्टा अडकतो आणि पावसाळ्यात छत्री, बॅग, हेडफोन हे सगळं सांभाळणं कठीण जातं. शिवाय आपल्याकडच्या दमट हवेत कानाभोवतीच्या गाद्यांखाली घाम साचतो. घरी पंख्याखाली किंवा एसी ऑफिसात मात्र तेच मोठे हेडफोन सर्वांत आरामाचे. कानाच्या आत रबरी टोक बसवायचे छोटे इअरबड प्रवासाला सोयीचे, पण पडायची भीती असते. फलाट आणि डबा यांच्या फटीत गेलेला इअरबड परत मिळत नाही, आणि तो काढायला रुळांवर उतरायचं तर अजिबात नाही. घाईने चढा-उतरायचं असेल तेव्हा ते त्यांच्या चार्जिंगच्या डबीत ठेवा. मानेभोवती पट्टा असलेले नेकबँड आजकाल जुन्या पद्धतीचे वाटतात, पण लोकलने रोज जाणाऱ्याला मी ते आजही आवर्जून सुचवतो: निसटले तरी गळ्यातच राहतात आणि माइक तोंडापासून फार लांब जात नाही.

दिवसाचे चार-पाच तास कॉलवर जात असतील, तर डेस्कवरच्या कामासाठी तोंडापर्यंत येणाऱ्या दांडीचा माइक असलेला हेडसेट घ्या. दिसायला तो कॉल सेंटरसारखा वाटतो म्हणून लोक टाळतात. पण तोंडाजवळच्या माइकला तुमचा आवाज मोठा मिळतो आणि आजूबाजूचा गोंगाट त्या मानाने लहान. हे अंतराचं गणित आहे, महागड्या सॉफ्टवेअरलाही ते पूर्ण भरून काढता येत नाही.

पायरी २: डब्यावरचं काय वाचायचं, काय सोडायचं

"४० मिमी ड्रायव्हर" (म्हणजे आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर), "२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" असे आकडे जवळपास प्रत्येक डब्यावर असतात. माणसाच्या कानाची मर्यादा ढोबळमानाने २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झच असल्याने तो आकडा छापणं सोपं आहे. आवाज चांगला की वाईट हे त्यातून कळत नाही. ब्लूटूथची आवृत्ती ५.० आहे की ५.३, यावरूनही गाण्याचा दर्जा ठरत नाही.

दोन संक्षिप्त नावांकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण त्यांच्यावरून सर्वांत जास्त फसगत होते: एएनसी आणि ईएनसी. एएनसी तुमच्या कानांसाठी असतं. हेडफोनवरचे माइक बाहेरचा आवाज टिपतात आणि त्याच्या बरोबर उलट लाट कानात सोडतात, त्यामुळे बाहेरचा आवाज कमी होतो. ईएनसी समोरच्यासाठी असतं. फोनवर तुमच्या आवाजातून आजूबाजूचा गोंगाट वजा करून पुढे पाठवणं हे त्याचं काम. स्वस्त इअरबडच्या डब्यावर मोठ्या अक्षरात "नॉइज कॅन्सलेशन" लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ईएनसी. असे इअरबड घालून लोकलमध्ये बसलात तर ईएनसीमुळे गाडीचा आवाज जराही कमी होणार नाही. दुकानदाराला सरळ विचारा, "यात एएनसी आहे की फक्त ईएनसी?"

कोडेक म्हणजे फोनकडून हेडफोनकडे गाणं पाठवताना ते दाबून लहान करायची रीत. एसबीसी सगळ्यांकडे असतं. एएसी आयफोनसाठी महत्त्वाचं, कारण आयफोन एसबीसी आणि एएसी हेच दोन वापरतो. एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातं, पण ते अँड्रॉइड फोनवरच, आणि फोन व हेडफोन दोघांनाही ते येत असेल तरच. आयफोन वापरणाऱ्याने एलडॅकसाठी जादा पैसे देऊ नयेत. माझं स्पष्ट मत: पाच हजारांच्या आतल्या हेडफोनमध्ये कोडेकपेक्षा कानावर बसण्याने आणि ड्रायव्हरच्या दर्जाने कितीतरी जास्त फरक पडतो.

बॅटरीचे तास बहुतेक वेळा एएनसी बंद आणि आवाज मध्यम ठेवून मोजलेले असतात. इअरबडच्या बाबतीत मोठा आकडा डबीसकटचा असतो. एका वेळी सलग किती तास चालतील, तो आकडा वेगळा शोधा.

डब्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघा. बीआयएस केअर अॅपमध्ये तो क्रमांक टाकला की तो खरा आहे का ते समजतं. कानाजवळ लिथियम बॅटरी बाळगायची आहे, तेव्हा हे दोन मिनिटांचं काम टाळू नका.

पायरी ३: दुकानात जाण्याची तयारी

गोखले रोडवरचं दुकान असो, वाशीच्या सेक्टर १७ मधलं असो की मॉलमधलं, ऐकून बघायला मिळेल का हे आधी फोन करून विचारा. दुपारी गर्दी कमी असते आणि विक्रेत्याकडे वेळही असतो.

स्वतःचा फोन न्या. पाच-सहा गाणी चांगल्या दर्जात डाउनलोड करून ठेवा, कारण मॉलच्या तळघरात नेटवर्क गेलं की अॅप आपोआप हलक्या दर्जाचं गाणं वाजवतं आणि दोष हेडफोनला लागतो. फोनमधला इक्वलायझर आणि डॉल्बीसारखी सजावट बंद करा. घरात एखादा जुना वायरचा इअरफोन असेल आणि त्याच्या आवाजाची सवय असेल, तर तोही खिशात ठेवा, तुलनेला उपयोगी पडतो.

दुकानदार स्वतःच्या फोनवरून धडधडतं गाणं लावून दाखवतो. ते ऐका, आभार माना आणि मग आपली गाणी लावा.

पायरी ४: आधी बसतात का ते बघा, मग आवाज

कानात नीट न बसलेल्या इअरबडमधून खर्ज गळून जातो. रबरी टोकं तीन मापांत येतात. मधलं माप डब्यात आधीच लावलेलं असतं आणि बहुतेक जण तेच कायम वापरतात. गाणं चालू ठेवून इअरबड बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर डग्ग्याचा आवाज एकदम भरीव झाला, तर टोक लहान पडतंय. दोन्ही कानांना वेगळं माप लागणं हेही अगदी नेहमीचं आहे.

मग जबडा हलवा, दोन-तीन वाक्यं मोठ्याने बोला, मान खाली घाला, जिना चढल्यासारखे पाय आपटा. बोलताना इअरबड सैल होत असेल तर तो फोनसाठी निकामी.

मोठे हेडफोन असतील तर चष्मा घालूनच बघा. चष्म्याच्या काड्यांमुळे गादी आणि कानशील यांत फट राहते, तिथून खर्जही जातो आणि एएनसीचा परिणामही. झुमके किंवा मोठ्या कुड्या घालणाऱ्यांनी त्या घालूनच बघावं. अंबाडा घालत असाल तर डोक्यावरचा पट्टा कुठे टेकतो तेही पाहा. किमान पंधरा मिनिटं डोक्यावर राहू द्या. पहिल्या दोन मिनिटांत सगळेच हेडफोन मऊ वाटतात.

पायरी ५: गाण्याची पारख

इथे एक नियम सगळ्यांत आधी. दोन हेडफोनची तुलना करताना दोघांचा आवाज कानाला सारखा वाटेल इतका जुळवून घ्या. जो किंचित मोठा वाजतो तो आपल्याला चांगला वाटतो, हा कानाचा स्वभाव आहे. आवाजाची पट्टी न जुळवता केलेली तुलना फुकट जाते.

आपल्या संगीतात पारखायला इतकं छान साहित्य आहे की परदेशी चाचणीच्या ध्वनिफिती शोधायची गरज नाही. तबला घ्या. चाट वाजली की टोकदार आणि स्वच्छ ऐकू यावी, आणि डग्ग्यावर हाताचा दाब देऊन काढलेली मींड वरून खाली उतरताना कळली पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच हेडफोनमध्ये खर्ज इतका फुगवलेला असतो की डग्गा नुसता "धम्म" करतो, त्यातला सूर हरवतो. विलंबित ख्यालातला ठेका लावलात तर पहिल्या दोन आवर्तनांतच हे कळतं.

तानपुरा ही त्याहून कठीण परीक्षा. जवारी (तार घोडीवर टेकते तिथली नाजूक जुळणी) खुलली असेल तर एका तारेतून एकावर एक सूर उलगडत जातात. हेडफोन बोदा असेल तर तानपुरा नुसता घूं-घूं ऐकू येतो. पेटी वाजताना भात्याची आणि पट्ट्यांची हलकी खटखट ऐकू आली तर समजा बारकावे टिकलेत.

वरच्या पट्टीसाठी अभंग लावा. टाळ आणि चिपळ्या खणखणीत हव्यात, पण कानाला टोचायला नकोत. त्याच वेळी बाईंच्या आवाजातला एखादा भावगीतातला "स" किंवा "श" ऐका. तो फुसकारल्यासारखा येत असेल तर अर्ध्या तासात डोकं दुखेल. लावणीतली ढोलकी किंवा हलगी लावून आवाज थोडा वाढवा. ठोके एकमेकांत मिसळून गोंधळ झाला तर हेडफोनचा दम संपला.

एक चाचणी मला फार आवडते. आकाशवाणीच्या काळातलं जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावा. मोनोमध्ये दोन्ही कानांत नेमका तोच आवाज जातो, म्हणून गायकाचा स्वर डोक्याच्या अगदी मधोमध ऐकू आला पाहिजे. तो डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेला वाटला तर आधी इअरबड पुन्हा नीट बसवा, डावा-उजवा अदलाबदल करून बघा. स्वर त्या इअरबडबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला, तर त्या नगाच्या दोन बाजूंत फरक आहे आणि तो नग घेऊ नका. अदलाबदल करूनही स्वर त्याच कानाकडे राहिला, तर तपासणी हेडफोनची नव्हे, कानाची करावी लागेल.

शेवटी आवाज खूप कमी करून ऐका. रात्री घरातले झोपल्यावर ज्या पट्टीत ऐकाल, तेवढा. चांगल्या हेडफोनवर तेव्हाही गाणं पूर्ण राहतं, शब्द कळतात.

पायरी ६: फोन लागला की गाण्याचं काय होतं

गाणं ऐकवताना ब्लूटूथ सगळी जागा एकाच दिशेला वापरतं, फोनकडून कानाकडे. दोन्ही कानांत वेगवेगळा, भरपूर तपशिलाचा आवाज जातो. कॉल सुरू झाला की हेडफोन दुसऱ्या पद्धतीत जातो. आता आवाज दोन्ही दिशांना न्यायचा असतो, त्यामुळे स्टीरिओ सुटतं आणि आवाज सपाट होतो. या पद्धतीतल्या जुन्या प्रकारात सुमारे ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच जात नाही, तर त्यानंतरच्या प्रकारात जवळपास ८,००० पर्यंत जातं. एलई ऑडिओ नावाची नवी रचना २०२० साली जाहीर झाली आणि तिने हा अडथळा बराच दूर केला आहे. मात्र फोन आणि हेडफोन दोन्हींत ती असावी लागते.

म्हणून मीटिंग चालू असताना लॅपटॉपवर गाणं किंवा व्हिडिओ लावला आणि तो डब्यात बंद केल्यासारखा वाजला, तर हेडफोन बिघडलेला नाही. माइक चालू झाल्यामुळे पद्धत बदलली आहे. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी हेडफोन आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचाच माइक निवडला की बहुतेक वेळा स्टीरिओ परत येतं. शांत खोलीत बसून काम करणाऱ्यांनी हे नक्की करून बघावं.

४,००० हर्ट्झची ती मर्यादा आपल्याला कुठे बोचते? "स", "फ" यांसारख्या व्यंजनांचा बराचसा आवाज त्या रेषेच्या वरच असतो. तो कापला गेला की "साठ" आणि "आठ" एकसारखे ऐकू येतात. बँकेचा ओटीपी, रिक्षाचा नंबर, फ्लॅटचा क्रमांक, औषधाचं माप सांगताना हा फरक महागात पडतो.

पायरी ७: फोनची पारख, दुसऱ्याच्या कानांनी

सगळ्या लेखात ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि हीच बहुतेक जण गाळतात. ही आणि पुढची लोकलमधली परीक्षा हेडफोन घेतल्यावर, परताव्याच्या मुदतीत घ्यायची.

घरातल्या किंवा मित्रमंडळींतल्या कुणाला तरी अर्धा तास मागून घ्या. त्यांनी दुसऱ्या खोलीत नको, दुसऱ्या घरात बसावं, नाहीतर तुमचा खरा आवाज भिंतीतून ऐकू येतो. त्यांनी फोन कानाला लावावा, स्पीकरवर ठेवू नये. आणि "ऐकू येतंय का?" असं अजिबात विचारू नका. आपल्याकडे कुणीही सौजन्याने "हो हो, येतंय" म्हणतं. त्याऐवजी त्यांच्या हातात कागद-पेन द्या आणि तुम्ही जे वाचाल ते लिहून घ्यायला सांगा.

मी दोन याद्या वापरतो. पहिली आकड्यांची: सात, साठ, आठ, सासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट, सत्तर, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, पंचावन्न, पंच्याण्णव. क्रम दरवेळी बदलायचा. दुसरी आपल्या गावांची: वाशी, वाशिंद, खारघर, खारेगाव, कळवा, कळंबोली, घणसोली, दिवा, दिघा. अर्थावरून अंदाज बांधता येत नाही, म्हणून समोरच्याला खरंच ऐकावं लागतं. "वाशिंद"च्या जागी "वाशी" लिहिलं गेलं तर शब्दाचा शेवट गिळला जातोय. "साठ"च्या जागी "आठ" आलं तर वरची पट्टी जात नाहीये.

आधी फोन नुसता कानाला लावून, हेडफोनशिवाय यादी वाचा. हा तुमचा आधार. त्यात चुका झाल्या तर त्या नेटवर्कच्या आहेत, हेडफोनच्या नाहीत. मग हेडफोन लावून त्याच जागी उभं राहून दुसऱ्या क्रमाने वाचा. साधा कॉल एकदा आणि व्हॉट्सअॅप कॉल एकदा, दोन्ही करा, कारण दोघांची आवाज दाबायची रीत वेगळी आहे.

यानंतर गोंगाट वाढवत न्या. पंखा पूर्ण वेगात. मग स्वयंपाकघरात, कुकरची शिटी आणि मिक्सर चालू असताना. मग रस्त्यावर, तीन हात नाका किंवा माजिवड्याच्या पुलाखाली, सुरक्षित जागी उभं राहून. गोंगाट काढून टाकणारं सॉफ्टवेअर जास्त आक्रमक असेल तर ते गोंगाटाबरोबर तुमच्या शब्दांची सुरुवातही कापतं. समोरच्याला गाड्या ऐकू येत नाहीत, पण तुमचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा आणि तुटक येतो. माझ्या मते मागे थोडा गोंगाट असलेला पण पूर्ण शब्द पोचवणारा हेडफोन केव्हाही चांगला.

वाऱ्याची परीक्षा मुद्दाम वेगळी घ्या. वाशीच्या सागर विहारला संध्याकाळी खाडीवरून वारा येतो, ठाणेकरांनी उपवन किंवा तलावपाळीवर फेरी मारावी. वारा थेट माइकच्या भोकावर आदळून जो फडफडाट होतो तो वाहनांच्या आवाजाहून वेगळा असतो, आणि रस्त्यावर उत्तम ठरलेले कितीतरी इअरबड इथे नापास होतात. तोंड वाऱ्याच्या दिशेने, मग पाठ वाऱ्याला करून, असं दोन्ही वाचून बघा.

दोघांनी एकाच वेळी बोलूनही बघा. काही हेडफोन अशा वेळी एकाचा आवाज पूर्ण बंद करतात. आई किंवा आजीशी बोलताना दोघंही मध्येच बोलत असतात, तिथे याचा फार त्रास होतो.

कॉलवर स्वतःचा आवाज कसा वाटतो तेही पाहा. कान घट्ट बंद झाले की आपला आवाज डोक्यात घुमतो आणि आपण नकळत ओरडून बोलू लागतो. लोकलच्या डब्यातल्या सगळ्यांना आपलं घरगुती बोलणं ऐकू जातं ते त्यामुळेच. काही हेडफोन तुमचा आवाज थोडासा तुमच्या कानात परत सोडतात किंवा बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय देतात. फोनवर जास्त बोलणाऱ्याने ही सोय असलेलाच घ्यावा.

एक खबरदारी. फोनच्या रेकॉर्डर अॅपमध्ये स्वतःचा आवाज मुद्रित करून माइक तपासायचा असेल, तर अॅप कोणता माइक वापरतंय ते आधी बघा. बरीच अॅप हेडफोन लावलेला असूनही फोनचाच माइक घेतात. मुद्रण चालू असताना फोनवर नखाने टकटक करा आणि मग हेडफोनवर. जिथली टकटक मोठी ऐकू येईल तो माइक चालू होता.

पायरी ८: लोकलमध्ये

एएनसी खालच्या, सलग आवाजांवर चांगलं चालतं: मोटारींचा घुमणारा आवाज, पंख्यांची घरघर, एसीची हवा. अचानक वाजणारा हॉर्न, फेरीवाल्याची आरोळी, शेजारच्यांच्या गप्पा यांवर त्याचा परिणाम बराच कमी. त्यामुळे "सगळं शांत होईल" अशी अपेक्षा ठेवू नका. गाडी धावत असताना एएनसी चालू-बंद करून फरक बघा, शक्यतो गाणं न लावता. हार्बरने जाणाऱ्यांना मानखुर्द आणि वाशीच्या मधल्या खाडीपुलावर ही परीक्षा आपोआप मिळते, तिथे गाडीचा आवाजच बदलतो.

आवाज तुटतो का, हे गर्दीत तपासायचं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि वायफायचा एक पट्टाही तोच. शिवाय आपल्या शरीरात पाणी भरपूर, आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. सकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर, फोन पँटच्या मागच्या खिशात ठेवून, गाणं चालू ठेवून चालत जा. दोन-तीनदा तुटलं तर फोन दुसऱ्या बाजूच्या खिशात टाकून परत बघा. तरीही तुटत असेल तर तो नग परत करा.

आवाजाची पातळी सांभाळा, हे मनापासून सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित आहे, पण ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते. लोकलच्या आवाजावर मात करायला आवाज वाढवत नेणं रोजच्या प्रवाशाला सहज जडतं. एएनसीचा खरा फायदा मला इथेच दिसतो: बाहेरचा आवाज कमी झाला की गाणं कमी आवाजात पुरतं. आणि फलाटावर, रस्ता ओलांडताना, दुचाकी चालवताना कान मोकळे.

पायरी ९: उरलेल्या छोट्या गोष्टी

फोन आणि लॅपटॉप दोन्हींशी एकाच वेळी जोडणी हवी असेल तर मल्टिपॉइंट आहे का बघा. लॅपटॉपवर व्हिडिओ चालू ठेवून फोनवर कॉल मागवा. हेडफोन आपोआप फोनकडे गेला आणि कॉल संपल्यावर परत लॅपटॉपकडे आला पाहिजे. काही मॉडेलांत मल्टिपॉइंट चालू केलं की एलडॅक बंद होतं.

ओठ आणि आवाज यांचा मेळ व्हिडिओ अॅप बहुतेक सांभाळून घेतात. गेम खेळणाऱ्यांनी मात्र दुकानातच खेळून बघावं.

मोठ्या हेडफोनला वायर जोडायची सोय असेल तर उत्तम, बॅटरी संपली तरी चालतात. गाद्या सुट्या मिळतात का विचारा. आपल्या हवेत रेक्झिनच्या गाद्यांचं वरचं आवरण सोलून निघतं, आणि गादी बदलता आली नाही तर चांगला हेडफोन वाया जातो.

आयपीएक्स४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसतील इतकंच. जुलैतल्या पावसात छत्रीशिवाय चालायला ते पुरेसं नाही. भिजले तर कोरड्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळल्याशिवाय चार्ज करू नका. इअरबड ओलेच डबीत ठेवले की धातूच्या टोकांवर गंज चढतो आणि मग एका बाजूचं चार्जिंग बंद पडतं.

पायरी १०: पैसे देताना आणि त्यानंतर

छापील बिल घ्या आणि त्यावर नगाचा सिरियल नंबर लिहून घ्या. सेवा केंद्र ठाणे किंवा नवी मुंबईत आहे का, की कुरियरने पाठवावं लागतं, ते पैसे देण्याआधी विचारा. ऑनलाइन घेत असाल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि परताव्याच्या अटी वाचा: कानात घालायची वस्तू म्हणून उघडलेले इअरबड काही विक्रेते परत घेत नाहीत, फक्त बदलून देतात. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

घरी आल्यावर कंपनीचं अॅप टाकून सॉफ्टवेअर अद्ययावत करा. या एका अपडेटने माइकचा आणि एएनसीचा स्वभाव बदलू शकतो, चांगल्या दिशेने किंवा वाईट. म्हणून अपडेट झाल्यावर आकड्यांची आणि गावांची यादी परत एकदा वाचून दाखवा, एक दिवस लोकलमध्ये घालून जा, आणि हे सगळं परताव्याची मुदत संपायच्या आत उरका.